‘कधीपासून’चा रकाना

हे बोलायला मी आजवर तोंड उघडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरच्या बहिणीपाशी नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःपाशीसुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगते? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आधी माझी अडचण ऐका. ताडकळसमध्ये माझं नाव फार चांगलं आहे.

कुणाच्या घरात पाय अधू असलेलं माणूस असो, कुणाचं लेकरू चार वर्षांचं होऊनही बोलत नसो — लोक माझ्याकडे येतात. “अक्का, अपंगाचं कार्ड कसं काढायचं?” मी बसवून, चहा देऊन सांगते. आधी आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख बघा, एक अक्षर चुकलं तरी तिथूनच माघारी याल. फोटो घ्या. राहण्याचा पुरावा घ्या. सेतू केंद्रावर जाऊन ऑनलाइन अर्ज भरा, त्याची छापील प्रत जिवापाड सांभाळा. मग परभणीला सरकारी दवाखान्यात तपासणी, तीही ठरलेल्या वारीच. भाकरी बांधून न्या, दिवस मोडतो. टक्के पुरेसे आले की मग कानाचं मशीन, निराधारांचा पगार, बसची सवलत, एकेक दार उघडतं. सगळं मला पाठ आहे. फक्त अर्जातला एक रकाना आला की माझी जीभ जड होते. अपंगत्व कधीपासून — जन्मतः की नंतर? “ते तुमचं तुम्ही खरं काय ते सांगा,” एवढं म्हणते आणि चहाची भांडी उचलून आत जाते.

हे सगळं मी शिकले ते माझ्या धाकट्या जावेपायी. सुजाता तिचं नाव. तिला ऐकू येत नाही. तिच्यासाठी मी सेतूचे उंबरे झिजवले, परभणीच्या चकरा मारल्या, रांगेत भांडले. बाया म्हणतात, सख्खी बहीण करत नाही एवढं या जावेनं केलं. मी मान खाली घालते. त्यांना तो माझा साधेपणा वाटतो.

आता एक वाक्य सांगते, ते नीट ध्यानात ठेवा. सुजाता लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला सगळं ऐकू येत होतं.

सगळं म्हणजे सगळं. आमच्या सासूबाई — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — जिभेच्या फार तिखट. मी गॅसपाशी उभी राहून त्यांच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे आणि पलीकडच्या खोलीत सुजाता फिसकन हसायची. असे कान होते तिचे. माणूसही तशीच, हलकी, हसरी, कामाला चपळ. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “धाकटी लय गुणाची हाय.” सहा वर्षं त्यांची बोलणी खाऊन मी अर्धी झाले होते, मला कधी त्या गुणाची म्हणाल्या नव्हत्या. ते मला लागलं का? — लागलं. लपवून काय करू आता?

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तिची लेक चार महिन्यांची असताना, सुजाताला सर्दी-ताप झाला. ताप गेला, पण डावा कान वाहायला लागला. मग उजवाही. एका दुपारी ती माझ्यापाशी आली.

“अक्का, कान लय ठणकायलाय. मला परभणीला घेऊन चला की दवाखान्यात. ह्यांना सांगितलं तर आत्याबाई म्हणतील, चार दिसाची बाळंतीण न् लगेच दवाखान्याची हौस.”

मी लसूण ठेचून तेलात कढवला, कोमट झाल्यावर दोन्ही कानांत सोडला, वर कापूस घातला. होईल म्हटलं बरं. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, मी पुन्हा तेल सोडलं. आमच्या घरापासून बसस्टँड चालत दहा मिनिटांवर. परभणीला गाड्यांना तोटा नाही. मी गेले नाही. कामं होती, असं म्हणता येईल. कामं कुणाला नसतात?

पावसाळा सरेपर्यंत वाहणं थांबलं, ठणकाही थांबला. आणि ऐकू येणंही. एकदम नाही, हळूहळू. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती निभावून न्यायची; खरं काय ते तिनं फक्त मला सांगितलं. “मला नीट ऐकू येईना गेलंय, अक्का. कुणाला बोलू नका. बाबाचं नाव निघंल, खोट असलेली पोरगी दिली म्हणतील.” मी तिला शब्द दिला आणि पाळला. बघा, किती चांगली बाई मी.

आपल्या भाषेत एक फार वाईट सोय आहे. ‘ती ऐकत नाही’ म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात. आत्याबाईंनी आपला अर्थ काढला. “धाकटी ऐकतच न्हाई. सांगून सांगून बेजार झाले. माज आलाय.” त्यांनी बाहेरून पाणी मागितलं, हिनं दिलं नाही. त्यांनी दूध बघ म्हटलं, ते उतू गेलं. गुणाची धाकटी वर्षभरात उर्मट झाली, मग आडमुठी झाली. दीर तिला दोनदा पेडगावला, तिच्या माहेरी सोडून आले — सुधारून आणा म्हणून तिच्या वडिलांना बजावून. आणि मला सगळं माहीत होतं. ‘तिला ऐकू येत नाही’ — चार शब्द. ‘ऐकत नाही’ आणि ‘ऐकू येत नाही’ यात कितीसं अंतर आहे? तेवढं चालून जायला मला जमलं नाही? तिला शब्द दिला होता म्हणाल. पण तिला दोनदा घराबाहेर काढल्यावरही तो शब्द मला इतका प्यारा का होता?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भित्री होतीस. सासूपुढं कुणाची जीभ वळते? थांबा. मी नुसती गप्प बसले असते तर आज एवढी हादरलेली नसते.

मी तिला मागून हाक मारायचे.

मुद्दाम. ती मोरीपाशी आमच्याकडे पाठ करून भांडी घासत असायची, आत्याबाई बाजेवर बसलेल्या असायच्या. मी दारात उभी राहून गोड आवाजात म्हणायचे, “सुजाता, आत्याबाईला पाणी दे गं.” ती वळणार नाही हे मला माहीत असायचं. थोडं थांबायचे. पुन्हा हाक मारायचे. मग आत्याबाईंकडे बघून नुसती मान हलवायचे — काय करावं या पोरीचं, अशी. पुढचं त्या करायच्या. माझ्या वाटची बोलणी तिच्याकडे गेली होती आणि मला बरं वाटत होतं. खरंच सांगते, जेवण गोड लागायचं.

एकदा आत्याबाईंनी तांब्या फेकून मारला. तो सुजाताच्या पाठीत बसला. ती वळली, आणि सगळ्यांत आधी तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. काय झालं ते कळावं म्हणून. कारण त्या घरात तिच्यासमोर येऊन, हळू, ओठ उघडून बोलणारी मी एकटीच होते ना. तिचा सगळा भरवसा माझ्या तोंडावर होता. मी ओठ हलवून सांगितलं, “त्यांनी केव्हाची हाक मारली.” ती ओल्या हातांनी आत्याबाईंच्या पाया पडली.

हे मी केलं? मी — शेजाऱ्याच्या कुत्र्याला कुणी दगड मारला तर भांडायला उठणारी? एकदा नाही, कितीदा तरी केलं. आज त्या तांब्यातलं पाणी मी पीत नाही. तेव्हा पीत होते.

पुढं तिची लेक शाळेत गेली. तिथल्या बाईंनी एक दिवस दिरांना बोलावून सांगितलं, अहो, मुलीच्या आईला ऐकू येत नाही, तुमच्या लक्षात आलं नाही का? घरात भूकंप झाला. आणि लगेच बोट कुणाकडे गेलं? पेडगावच्या मामांकडे. मामा म्हणजे सुजाताचे वडील. त्यांना बोलावून आणून दारातच उभं केलं. “बहिरी पोरगी आमच्या गळ्यात मारली तुमी.” ते शपथा घेत होते, लग्नात चांगली होती म्हणत होते. सुजाता सांगत होती, लग्नानंतर कान वाहिला, तेव्हापासून. कुणी ऐकेना. मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

“थोरले, तुझ्या कधी ध्यानात आलं?”

“मला तर आत्ताच कळायलंय,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मामांचा आमच्या घरातला पाट उचलला. ते बसस्टँडवर येऊन नातीला भेटायचे आणि तिथूनच परत जायचे.

आत्याबाई वारल्या, वर्षं गेली. एक दिवस सुजातानंच कुठून तरी कार्डाचं ऐकलं — म्हणजे वाचलं. माझ्यापाशी आली. तिला कानाचं मशीन हवं होतं, पण त्याहून जास्त तिला कागद हवा होता. तिचं म्हणणं सरळ होतं. “सरकारी डाक्टर तपासून लिहून देतील, अक्का, कान कशानं गेला न् कधी गेला. मंग बाबाला घरात घेतील.” एवढ्यासाठी ती निघाली होती. मी म्हटलं, चल, मी येते. वाटलं, जे केलं ते धुऊन निघेल. रांगेत उभं राहून निघेल, उन्हात चालून निघेल.

सेतूवरची मुलगी चांगली होती. कॉम्प्युटरकडे बघत एकेक विचारत होती. नाव, गाव, शिक्षण. सुजाता तिच्या ओठांकडे बघायची धडपड करत होती, पण त्या मुलीची मान पडद्याकडे. म्हणून उत्तरं मीच देत होते. मग तो रकाना आला.

“अपंगत्व कधीपासून? जन्मतः, की नंतर? नंतर असंल तर साल सांगा, कारण सांगा.”

साल मला माहीत होतं. महिना माहीत होता. कारणही माहीत होतं — कढवलेल्या लसणाच्या तेलाचा वास अजून नाकात आहे. पण मी ते बोलले असते तर उद्या कुणीतरी विचारलं असतं, थोरलीला हे कसं ठाऊक? ती तर म्हणाली होती, आत्ताच कळायलंय.

“जन्मतः,” मी म्हणाले.

मला कुणी सुचवलं नव्हतं. तसं लिहिलं की काम लवकर होतं वगैरे पुष्कळ जण सांगतात. मला त्या दिवशी कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. छापील प्रत हातात आली तशी मी ती घडी घालून पिशवीत ठेवली. त्याआधी सुजातानं सही करायची तेवढी जागा उघडी ठेवून ती तिच्यापुढं धरली होती.

परभणीला दवाखान्यात तिला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर बसलेल्या मॅडम काचेतून बघत आवाज वाढवत होत्या. खोलीचं दार जरासं किलकिलं राहिलं होतं. आणि त्या हेडफोनमधला आवाज मला — बाहेर बाकावर बसलेल्या मला — ऐकू यायला लागला. टूं. टूं. आणखी मोठा. सुजाता गुडघ्यावर बोट तयार ठेवून, पेपरला बसलेल्या पोरीसारखी एकटक समोर बघत होती. बोट वर जात नव्हतं. इतकं? इतकं गेलं होतं? मी वर्षानुवर्षं हाका मारल्या त्या ह्या अशा कानांमागून?

नंतर डॉक्टरांनी दुर्बीण घालून दोन्ही कान बघितले, मग अर्ज बघितला.

“इथं जन्मतः लिहिलंय. पण हे पडदे नंतर फाटलेले दिसतात. कान वाहत होता का कधी?”

ते सुजाताकडे बघून, सावकाश बोलत होते. तिला ओठ कळले. तिचा चेहरा उजळला हो. ज्या प्रश्नासाठी ती आली होती तो प्रश्न तिला कुणीतरी शेवटी विचारला होता. तिचं बोलणं आता जरा जड झालंय, तरी तिनं नीट सांगितलं. “लग्नानंतर, साहेब. लेक चार महिन्याची होती. आधी समदं ऐकू यायचं. ह्या अक्काला इचारा, ह्यांना ठावं हाय.”

ह्यांना ठावं हाय. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सुजातानंही बघितलं — माझ्या तोंडाकडे.

मी पदर तोंडावर धरला. खोकला आल्यासारखा. आणि पदराआडून म्हणाले, “तिला तुमचा प्रश्न कळला नसंल, साहेब. ती जन्मापासूनच अशी हाय.”

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापेक्षा ज्याला येतं त्याचं खरं, असंच जग चालतं. बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी एक क्षण पेन थांबवलं, मग पुढं लिहिलं. टक्के भरपूर आले. उठताना ते मला म्हणाले, “वाहत असताना आणलं असतं तर एक कान तरी हाती लागला असता.” मी “हो” म्हणाले. त्या ‘हो’नं मी कान वाहिल्याचं कबूल केलं, हे बाहेर आल्यावर ध्यानात आलं.

बसमध्ये तिनं विचारलं, “काय म्हणलाव तुमी डाक्टरला? पदर होता तोंडावर.”

“लवकर करा म्हणलं, गाडी चुकंल.”

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटेतलं पिंगळीचं स्टेशन मागे गेलं तेव्हा तिनं खिडकीकडे तोंड वळवलं.

कार्ड पोस्टानं आलं. पुढं मशीनही मिळालं. पण दिरांनी कार्डाबरोबरचे कागद उलगडले आणि त्यांना अर्जाची ती प्रत दिसली, दवाखान्याच्या शिक्क्याची. ते मोठ्यानं वाचू लागले. “जन्मतः. हे बघा. सरकारनंच लिहून दिलं.” सुजातानं कागद हिसकून घेतला, वाचला. “हे चुकलंय. मी सांगितलं होतं.” मग माझ्याकडे आली — “अक्का, हे बदलून आणू.” मी म्हणाले, बदलायला गेलं तर कार्ड रद्द होईल, मशीन परत घेतील. होतं का तसं? मला माहीत नाही. मी विचारायला गेलेच नाही.

दिरांनी मामांना निरोप धाडला. कागद दाखवायला. म्हातारे पेडगावहून आले, किती वर्षांनी आमच्या घराची पायरी चढले. मला “जयभीम, अक्का” म्हणाले, पोरीसाठी लय केलंत म्हणाले. दिरांनी कागद हातात दिला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता भांडतील. भांडावेत असं वाटत होतं. पण ते भिंतीला टेकून खाली बसले.

“सरकारी दवाखान्याचं हाय म्हणल्यावर खोटं कसं असंल,” ते स्वतःशीच म्हणाले.

मामा तरुणपणापासून गाणारे होते. भीमजयंतीला गावोगाव त्यांची गायन पार्टी जायची. हे मला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं. “ही सात-आठ वर्षाची होती, माझ्यासंगं उभी राहून गायची. एक सूर हुकत नव्हता. मंग —” ते थांबले. माझ्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, “मंग ते बी माझ्या तोंडाकडं बघूनच म्हणत असंल का हो, अक्का?”

सुजाता त्यांच्यासमोर बसली. “बाबा, मला ऐकू यायचं. तुमचा आवाज मला ठावा हाय.” ते तिची समजूत काढल्यासारखे तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तिला कळावं म्हणून तोंड मोठं उघडून म्हणाले, “माझ्या ध्यानात आलं न्हाई गं बाई. बाप असून आलं न्हाई.” मग उठून त्यांनी दिरांपुढं हात जोडले. आणि वळून माझ्यापुढं. “माहीत असतं तर तुमच्या घरात दिली नसती. आमच्याकडून चुकलं. तुमी दवाखान्यात संगं होताव, तुमीच सांगा, हे असंच हाय ना?”

सुजाता माझ्याकडे बघत होती. या खेपेला मी पदर धरला नाही.

“डॉक्टरनं तपासलंय, मामा,” मी म्हणाले. आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर ते पेडगावात कुठंही गायला उभे राहिले नाहीत. दीड वर्षानं गेले. मयतीला मी सुजाताच्या शेजारी बसले होते, बायांनी मला पाणी दिलं, धीर द्या तिला म्हणाल्या. सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला सगळं माहीत आहे. तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी तिचं कोण खरं मानणार, ही तजवीज मीच करून ठेवली आहे.

मामा गेले ते असं समजून गेले, की आपल्या लेकीनं आपला आवाज कधी ऐकलाच नाही. तिनं ऐकला होता. मला माहीत होतं.